ठाण्याला उतरायचं नाही

पाठिंबा हा प्रकार दुसऱ्याला मिळत असला की फार छान दिसतो. मला तो माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनला इतका मिळाला की 42 किलोमीटर धावणं हा त्यातला त्यात आरामाचा भाग होता असं मी आजही सांगेन, कारण धावताना निदान बराच वेळ ही तिघं समोर नव्हती.

तिघं म्हणजे वैशाली, मेधा आणि नाडकर्णी काका. आमची ओळख कचराळी तलावाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाचपाखाडीत महापालिकेजवळ हा तलाव आहे आणि सकाळी सहापासून अर्धं नौपाडा त्याच्याभोवती गोल फिरत असतं, काहीजण व्यायामाला आणि बाकीचे व्यायामाला आलेल्यांशी बोलायला. मी बोलणाऱ्यांतली. वैशाली धावणाऱ्यांतली, तिच्या मनगटावरच्या घड्याळात वेळ सोडून सगळं दिसतं, झोप किती झाली, टेन्शन किती आहे, ऑक्सिजन किती आहे. मेधा फेऱ्या मारत नाही, ती बाकावर बसते, पिशवीतून डबा काढते, "थोडंसंच आहे, चव बघा" म्हणते आणि मग अख्खा बाक पोहे खातो. आणि नाडकर्णी काका मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून रिटायर झालेत, सत्तरीला आलेत, पण अजून कुणी "पाच मिनिटांत पोचते" म्हटलं की घड्याळ बघतात आणि सहाव्या मिनिटाला "लेट" म्हणतात, मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं.

पावसाळ्यात कधीतरी वैशालीने जाहीर केलं की मुंबई मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन सुरू झालंय आणि मुग्धाने, म्हणजे मी, या वेळी फुल करायची. माझ्या तोवर एक-दोन हाफ झाल्या होत्या, त्याही अशा की मी पोचले तेव्हा मंडप सोडवणाऱ्यांनी हातातलं काम थांबवून टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं पुढच्या वर्षी बघू या. हे मी कचराळीवर म्हटलं आणि घरी येऊन चपात्या होईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर 'मुग्धा 42' नावाचा ग्रुप तयार, डीपीला माझा घामाघूम फोटो, त्यात एक डोळा मिटलेला. मेधाने तोवर ही बातमी आमच्या सोसायटीत, तिच्या माहेरी, माझ्या माहेरी, भाजीवालीला आणि इस्त्रीवाल्याला सांगून टाकली होती. नवऱ्याला आपण काहीही सांगून गप्प करू शकतो, पण इस्त्रीवाला रोज दारात येतो आणि कपडे मोजता मोजता विचारतो, "ताई, किती झाले आज?" माघार घ्यायची तर आधी इस्त्रीवाला बदलायला हवा होता आणि चांगला इस्त्रीवाला सोडण्यापेक्षा 42 किलोमीटर परवडले.

काकांना मात्र मॅरेथॉन म्हणजे नक्की किती हे आधी समजून घ्यायचं होतं.

"किती गं अंतर?"

"बेचाळीस किलोमीटर, काका."

"अगं पण बेचाळीस म्हणजे कुठपर्यंत?"

काकांचं सगळं जग सीएसएमटीपासून मोजलेलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर चालू झाले. दादर नऊ. कुर्ला पंधरा. घाटकोपर एकोणीस. विक्रोळी तेवीस, भांडुप सत्तावीस, मुलुंड एकतीस, ठाणे चौतीस. आम्ही तिघी श्वास रोखून. कळवा छत्तीस, मुंब्रा चाळीस. मग डोळे उघडून म्हणाले, "मुंब्रा मागे पडलं, दिवा अजून यायचंय. दिव्याच्या आउटर सिग्नलला म्हण."

मला तोपर्यंत बेचाळीस हा नुसता आकडा वाटत होता. दिवा म्हटल्यावर पोटात गोळा आला. दिव्याला आयुष्यात मी ट्रेनने सुद्धा बसूनच गेलेय.

मग ओघाने 1853 निघालंच, काकांकडे ते निघतंच. 16 एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 57 मिनिटं, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, आणि ओढायला एक नाही दोन नाही तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. "एका गाडीला तीन लागली," काका म्हणाले, "हिलाही आपण तिघं आहोत." लगेच वाटणी झाली. वैशाली साहिब, कारण ती ऑर्डरी सोडते. मेधा सिंध. सुलतान स्वतः काका. मी विचारलं, म्हणजे मी ते चौदा डबे का? यावर कुणीतरी "छे छे काहीतरीच काय" म्हणायला हवं होतं. मेधाने मला पोह्यांचा डबा पुढे केला.

वैशालीला ही रेल्वे तितकीशी मान्य नव्हती, तिला सगळं शास्त्रीय लागतं. तिने सांगितलं की केल्विन किप्टम नावाच्या केनियाच्या धावपटूने 2023 ला शिकागोत अख्खी मॅरेथॉन 2 तास 35 सेकंदांत संपवली. काकांनी परत डोळे मिटले. "म्हणजे ठाण्याला तो एक तास सदतीस मिनिटांत." थोडा विचार केला. "पहिल्या गाडीपेक्षा चाळीस मिनिटं लेट."

असो.

तर वैशालीने एक्सेल बनवलं. त्यात आठवडे, वार, किलोमीटर, पेस आणि दर रविवारी 'एलएसडी' लिहिलेलं. हे लाँग स्लो डिस्टन्स, लांबचं हळू धावणं, पण माझ्या मुलाने ग्रुपवर 'रविवारी एलएसडी येऊर, मेधा काकू सगळ्यांसाठी आणणार' हे वाचलं आणि दिवसभर माझ्याकडे वेगळ्याच आदराने बघत होता. मी खुलासा केला नाही. वयात आलेल्या मुलाकडून आदर मिळायचे प्रसंग किती येतात.

एक्सेल करताना वैशालीने एक गोष्ट बघितलीच नव्हती. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी तयारीचे चार-पाच महिने धरले तर त्यात मराठी माणसाचा सगळा खाण्याचा सीझन येतो. गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी, आणि अगदी तोंडावर संक्रांत. केनियात हे नसणार, म्हणून ते जिंकतात. गणपतीत मी जिथे जाईन तिथे एका बाजूने वैशालीचा मेसेज, 'मोदक 1 म्हणजे 1 हं', आणि दुसऱ्या बाजूने मेधा ताटात तिसरा ठेवत, "अगं कार्ब्स आहेत, रविवारी लागतील." नवरात्रात सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास असतात, त्यात मी पण दोन धरले आणि एक नेमका लाँग रनच्या आदल्या दिवशी. साबुदाण्याच्या खिचडीवर माणूस किती धावू शकतो यावर कुणी संशोधन करायचं असेल तर मी उपलब्ध आहे. पहिले सात किलोमीटर उत्तम जातात. मग तूप बोलायला लागतं.

सासूबाईंचा आधी या सगळ्याला सौम्य विरोध होता, म्हणजे त्या काही बोलत नव्हत्या पण भांडी जरा जोरात ठेवायच्या. एकदा वैशाली घरी आली असताना तिने त्यांना सांगितलं की आई, 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नावाची मुलगी धावत होती तर एक अधिकारी मागून येऊन तिचा छातीवरचा नंबर ओढायला लागला, बाई आहे म्हणून, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तिला अडवलं तरी. आम्हाला कुणी अडवलं पण नाही, आम्ही निघालोच कुठे होतो." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठले तर ओट्यावर चहा झाकून ठेवलेला. आणि दुपारी नवऱ्याला बोलावून त्यांनी स्वतःला 'मुग्धा 42'मध्ये अ‍ॅड करून घेतलं, तेव्हापासून ग्रुपवर रोज पहाटे फुलं, सूर्य आणि सुविचार.

रनिंगच्या जागा ठरलेल्या. मधल्या वारी पोखरण रोड ते उपवन. पहाटे पाचला पोखरण रोड कुत्र्यांचा असतो, आपण तिथे पाहुणे. पहिल्या आठवड्यात भुंकणं, दुसऱ्या आठवड्यात थोडं मागे धावणं, नंतर त्यांना कळलं की हिच्या मागे धावण्यात काही मजा नाही, चालत गेलं तरी गाठता येते, मग ती नुसती मान वर करून बघायची.

रविवारी उपवनवरून येऊरचा चढ. पावसाळ्यानंतर येऊर इतकं सुंदर असतं की बघत उभं राहावं, आणि मी तेच करत होते, दर दोनशे मीटरवर. मागून काकांची स्कूटर. काकांचं म्हणणं, कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, ढकलायला, तसा मी. प्रत्यक्षात ढकलायचे काही नाहीत, फक्त मी थांबले की हॉर्न. बाकीचे चालणारे लोक दचकून कडेला व्हायचे आणि वळून बघायचे, तर पुढे एक घामाघूम बाई आणि मागे पाच किलोमीटरच्या स्पीडने स्कूटर चालवणारे आजोबा. एकाने मला विचारलं पण, "मॅडम, हे काका त्रास देतायत का?" खरं उत्तर द्यायचा फार मोह झाला.

मेधा वर फाट्यावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन उभी असायची. एका रविवारी मी पोचले तर मेधा झाडाखाली उभी राहून वर बघत हात जोडून विनवण्या करतेय आणि वर माकडं अतिशय शिस्तीत बटाटे सोलून खातायत. "मिठासकट खातायत गं," मेधा म्हणाली, दुःखापेक्षा कौतुकच जास्त होतं आवाजात. 

पण सगळ्यात कहर दिवाळी. वैशालीच्या एक्सेलमध्ये नरक चतुर्दशीला 16 किलोमीटर होते आणि मी ठरवलं की अभ्यंगस्नान उरकायच्या आधी धावून येऊ, पहाटे रस्ते मोकळे असतील. ठाण्यात जन्म काढलेल्या बाईने हा विचार करावा! दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोड, गोखले रोड, तलावपाळी इथे अख्ख्या ठाण्याची तरणी पोरं नटून थटून उतरतात, डीजे, ढोल, फोटो, मुंगी शिरायला जागा नाही. जाताना मी निसटले, येताना राम मारुती रोडच्या तोंडाशी गर्दीने मला आत घेतलं. आजूबाजूला नऊवारी, नथी, कुर्ते, अत्तर, आणि मधोमध मी, टी-शर्ट ओला, केसांचा शेपूट चिकटलेला, कमरेला पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा. घड्याळ सांगतंय, 'तुमचा वेग कमी झालाय'. एका मुलीने विचारलं "काकू, हे कुठल्या थीमचं आहे?" दुसऱ्याने माझ्याबरोबर सेल्फी घेतला. तेवढ्यात समोरून आमच्या ब्रँचचे मॅनेजर सहकुटुंब, रेशमी कुर्ता, बायको पैठणीत. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळख न दाखवायचा निर्णय एकाच क्षणी घेतला पण गर्दीने आम्हाला नाकासमोर नाक आणून उभं केलं. "शुभ दीपावली मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं "सर, अजून अडीच राहिलेत." त्यांना वाटलं मी सुट्टीबद्दल बोलतेय.

हे मी संध्याकाळी ग्रुपवर टाकलं तर मला वाटलं कुणी धीर देईल. वैशालीने विचारलं मग उरलेले अडीच कधी केलेस. काकांनी लिहिलं, 'अनशेड्यूल्ड हॉल्ट'. मेधाने विचारलं पैठणी कुठल्या रंगाची होती.

डिसेंबरात 32 किलोमीटरचा सगळ्यात लांबचा रन होता, म्हणजे काकांच्या भाषेत 'मुलुंड सोडायचं'. तो घोडबंदर रोडला करायचा ठरलं, माजिवड्यापासून गायमुख आणि परत, उरलेलं उपवनला फेऱ्या मारून. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने काय चाललंय ते ठाणेकरांना मी सांगायला नको. आदल्या दिवशी काकांनी सगळा रस्ता स्कूटरवरून बघून घेतला आणि मला रेल्वेत ड्रायव्हरला देतात तशी कॉशन ऑर्डर लिहून दिली, वहीच्या कागदावर, शाईच्या पेनाने, खाली सहीसकट. 'कापूरबावडी ते मानपाडा: सर्व्हिस रोड खणलेला, वेग 6. पातलीपाडा: उजवीकडे कुत्री, पैकी पांढरं चावरं. कासारवडवली: चहा बरा आहे, पण थांबू नये.' तो कागद अजून माझ्याकडे आहे. घामाने 'थांबू नये' पुसलं गेलं होतं, त्यामुळे मी थांबले, आणि चहा खरंच बरा होता.

मग शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे धावणं कमी कमी करत आणायचं, पायांना विश्रांती. वाचताना हे फार गोड वाटतं. प्रत्यक्षात काय होतं की इतके महिने धावून जे दुखलं नाही ते सगळं आता बसल्या जागी दुखायला लागतं. गुडघा, टाच, कधी न ऐकलेला कुठला तरी स्नायू. मी दिवसातून तीनदा वैशालीला फोन करायचे आणि ती म्हणायची हे नॉर्मल आहे, मन घाबरलं की शरीरात जागा शोधतं. 

आणि संक्रांत. मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या पाठोपाठच. आधीचे दोन-तीन दिवस कार्बो लोडिंग करायचं असतं, स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरून ठेवायचं, कारण शरीरात त्याचा साठा बेताचा, साधारण तिशीच्या किलोमीटरपर्यंत पुरतो, तो संपला की माणूस भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो, ज्याला सगळे वॉलच म्हणतात. परदेशात यासाठी पास्ता खातात. मेधाने गुळपोळ्या केल्या. तूप लावून, एकावर एक, स्टीलच्या डब्यात. आयुष्यात पहिल्यांदा वैशाली मेधाला "अजून दे तिला" म्हणाली आणि त्या क्षणी मेधाच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या फिनिश लाइनच्या फोटोत पण नाहीये.

मॅरेथॉनच्या पहाटे मध्य रेल्वे कल्याणहून खास लोकल सोडते. आम्ही चौघं सव्वातीनला ठाणे स्टेशनवर. मी अशी लोकल जन्मात बघितली नव्हती. डबाभर माणसं आणि सगळ्यांना एकाच स्टेशनला उतरायचंय, कुणी कुणाला "कुठे?" विचारत नाही, चौथ्या सीटवरून भांडण नाही, सगळीकडे व्हॅसलिन आणि बामाचा वास, आणि एवढ्या अपरात्री सगळे केळी खातायत. काका गाडीत चढायच्या आधी पुढे जाऊन मोटरमनला नमस्कार करून आले. म्हणाले, पोरगा नवीन आहे पण हात चांगला आहे, ब्रेक लागलेला कळणार नाही. खरंच कळला नाही. 

सीएसएमटीला उतरल्यावर काकांनी सपोर्ट टीमचं टाइमटेबल वाचून दाखवलं. मला सोडून ती तिघं दादरला जाणार, तिथून चालत शिवाजी पार्क, तिथे मी दिसले की परत दादर, वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि चालत पेडर रोडच्या चढावर. वेस्टर्न म्हणताना त्यांचा चेहरा जरा पडला, पण इलाज नव्हता. 

पाचला सुटलो. अंधार, थंडी म्हणावी इतपत गारवा, आजूबाजूला हजारो पायांचा आवाज. सुरुवातीला आपण उगाच धावतो, छान वाटतं, लोक टाळ्या वाजवतात, रिकामे रस्ते बघून मुंबई आपल्या मालकीची वाटते. मी काकांच्या हिशेबाने भायखळा, दादर आरामात घेतलं. घाटकोपरच्या आसपास सी लिंक आला. 2009 ला उघडल्यापासून या साडेपाच किलोमीटरवर टू-व्हीलर नाही, रिक्षा नाही, पायी तर नाहीच, आणि त्या दिवशी दोन पायांनी मी मधोमध. सगळे सेल्फी काढत होते. मीपण काढला. त्यात पण एक डोळा मिटलेला आहे.

शिवाजी पार्कला तिघं टाइमावर हजर. वैशाली ओरडली "खांदे सोड!", मेधा ओरडली "काय खाल्लंस?" आणि काका घड्याळ बघून म्हणाले, "चार मिनिटं लेट, पण मेकअप होईल, वेळ भरून निघेल." एवढ्यात मागून मोटारसायकली, शिट्ट्या, आणि दोन तासांहून जास्त उशिरा सुटलेले ते एलिट धावपटू आमच्या बाजूने निघून गेले पण. त्यांच्या पायांचा आवाजच येत नाही. काका टोपी काढून बघत राहिले आणि मला म्हणाले, "फास्टला साइड द्यायची. वाईट वाटून घ्यायचं नाही."

वरळीला ऊन लागायला लागलं. आणि मग मुलुंड आलं.

आता हे ठाणेकरालाच कळेल. मी पंचवीसेक वर्षं फोर्टहून ठाण्याला घरी येतेय. भांडुप गेलं की पिशवी खांद्याला अडकवायची. मुलुंडला उठायचं, पुढे सरकायचं, दाराजवळ जाऊन पदर-ओढणी सावरायची, आणि 34 व्या किलोमीटरला, डोळे मिटलेले असले तरी, उतरायचं. हे मी करत नाही, हे शरीर आपोआप करतं. तर 31 व्या किलोमीटरला माझ्या पायांनी ठरवलं की आलं आता. वॉल वगैरे ग्लायकोजेनची असते हे मी वाचलं होतं, माझी मुलुंड चेकनाक्याची निघाली. डोकं सांगतंय अजून अकरा आहेत, पाय दाराशी जाऊन उभे. हाजीअलीपर्यंत कशीबशी ओढली आणि पेडर रोडच्या चढाच्या तोंडाशी पाटी दिसली, 34 किंवा 35 काहीतरी, मी खरं सांगते, माझे पाय उतरले. मी फूटपाथवर उभी. मला इतकं हलकं वाटलं. घरी आल्यासारखं. रिक्षाच्या लाइनीत उभं राहायचं तेवढं बाकी.

पेडर रोडला राहणारी माणसं दर वर्षी दारात उतरून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ, चिक्की, काय काय देत असतात, पायावर मारायला स्प्रे घेऊन उभी असतात. एक आजी माझ्या हातात संत्रं देऊन म्हणाल्या "कम ऑन बेटा" आणि मी म्हटलं "थँक यू, मी इथेच उतरते." त्या घाबरल्या असाव्यात, कारण त्यांनी लगेच अजून एक फोड दिली.

तेवढ्यात वरून, चढावरून, हिरवं फडकं हलताना दिसलं. काका. हातात मेधाच्या पिशवीतला हिरवा ब्लाउजपीस, कुठल्या तरी हळदीकुंकवाचा, तो दोन्ही हातांनी धरून हलवतायत. वैशाली धावत खाली आली, "मुग्धा, कॅडन्स! छोटी पावलं! वर बघू नकोस!" मेधाने माझ्या तोंडात तिळाची वडी कोंबली आणि वर "गोड बोल" म्हणाली. मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मेधाने ते मनावर घेतलं नाही, तिने दुसरी वडी कोंबली, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

मी काकांपाशी पोचले आणि रडवेली होऊन म्हटलं, "काका, मला उतरायचंय हो."

काकांनी ब्लाउजपीस खाली पण घेतला नाही. म्हणाले, "ही गाडी ठाण्याला थांबत नाही."

आणि यावर काय वाद घालणार? वीस वर्षं लोकल चालवलेला माणूस सांगतोय. मी निघाले. वैशाली फूटपाथवरून बाजूने पळत होती, तिच्या पुढे मेधा डबा सावरत, आणि मागे काका "कळवा... कळवा गेलं..." करत. पेडर रोडच्या लोकांनी आम्हाला आमच्या आमच्यात सोडून दिलं.

चौपाटीच्या पुढे मरीन ड्राइव्ह डोळ्यासमोर सगळा दिसतो आणि संपत नाही. ऊन समोरून. कळवा, पारसिक, मुंब्रा. 42 ची पाटी आली तेव्हा मी हात वर केले आणि मग आठवलं, वर 195 मीटर आहेत. ही देणगी 1908 च्या लंडन ऑलिम्पिकची. शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू केली आणि राजघराण्याच्या बॉक्ससमोर संपवली, ते अंतर 26 मैल 385 यार्ड भरलं, आणि 1921 ला तेच कायमचं करून टाकलं. इंग्रज गेले, त्यांची राणी गेली, माझ्या पायाशी हे 195 मीटर ठेवून गेले. शेवटच्या त्या तुकड्यात मी विंडसर घराण्याच्या सात पिढ्यांना नावानिशी आठवलं.

पाच तास आणि वर बरीच मिनिटं. मेडल गळ्यात. काका उशिरा पोचले, म्हणाले वेस्टर्नची गाडी लेट होती, आणि हे सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं.

परतीच्या लोकलमध्ये मला बसायला दिलं हे ठीक, ठाण्याला उठवायला दोन माणसं लागली. ठाणे स्टेशनचा जिना मी उलटी उतरले, कठड्याला धरून, तोंड वर करून, कारण मांड्या सरळ उतरू देत नव्हत्या. मागून येणाऱ्या गर्दीला वाटलं मी चढतेय आणि चुकीच्या बाजूने, त्यामुळे शिव्या पण मिळाल्या. वैशाली सगळ्यांना सांगत होती, "मॅरेथॉन केलीये त्यांनी." एकजण म्हणाला, "मग जिना पण पळत उतरा की."

त्या आठवड्यात मेधाकडे हळदीकुंकू. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, त्यामुळे मी नवऱ्याच्या चपलांत, काठापदराची साडी नेसून. खाली सतरंजीवर बसायची सोय होती, मी भिंतीला टेकून उभी राहिले. प्रत्येक बाईने तेच विचारलं, "कितवी आलीस?" मी सांगायचे की तसं नसतं हो, पूर्ण करणं महत्त्वाचं असतं, आणि त्या "बरं बरं" म्हणून माझ्या हातावर दोन तिळगूळ जास्त ठेवायच्या, नापास झालेल्या मुलीला देतात तसे. शेवटी मेधाने सूत्रं हातात घेतली. पहिल्या बाईला तिने सांगितलं मुग्धा दिव्यापर्यंत धावली. पुढच्या बाईला डोंबिवली. मी अत्तर लावून घेऊन वळले तोवर मी कल्याण जंक्शन पार केलं होतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी एका शब्दाने दुरुस्ती केली नाही, उलट म्हणाल्या, "पहाटे उठून चहा मी करायचे."

वाणाला मेधाने पाय घासायच्या वजऱ्या वाटल्या. मुद्दाम.

बायका गेल्यावर काका आले, उरलेलं खायला. वैशाली मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होती, म्हणाली, दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून मॅरेथॉन असते, 1921 पासून चालू आहे, साधारण नव्वद किलोमीटर. मी लगेच पाणी आणायला आत निघाले, पण माझ्या त्या दिवसांतल्या चालीने आत जायला वेळ लागायचा. मागे काकांनी डोळे मिटले होते. बदलापूर, वांगणी, शेलू.

"नेरळच्या पुढे," काका म्हणाले. "भिवपुरीच्या अलीकडे."

मी दारातून म्हटलं, "काका, माझा पास ठाण्यापर्यंतच आहे."

"एक्स्टेन्शन तिकीट मिळतं," काका म्हणाले आणि त्यांनी गुळपोळीवर तूप मागितलं.